पाणपोईवरचा हात

खोली दाखवण्याआधी तिनं मला भर उन्हात अंगणात उभं केलं. मी अमरावतीहून निघून मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसले होते आणि धूर खात खात दारव्ह्याला पोचले होते. हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेत हजर व्हायचं होतं. घरमालकीण माझ्याभोवती एक फेरी मारून आली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, पायाशी पाहिलं आणि म्हणाली, "तुझा सावली जांभळा आहे. राहा तू."

माझ्याआधी एक तलाठी खोली बघायला आला होता. त्याची सावली तिला पसंत पडली नाही. ती मातीत मुरत नाही, नुसती वर पडून राहते, असं तिचं म्हणणं होतं. त्याला तिनं चहा पाजून परत पाठवलं.

गावात तिला इराणीबाई म्हणत. नवरा खानम म्हणायचा, म्हणून मीही खानमच म्हणू लागले. चष्मे आणि सुऱ्या विकत हिंडणाऱ्या इराणी बायका आमच्या भागात अधूनमधून येत. त्यामुळे पहिली काही वर्षं लोक तिच्याकडंही चष्मा मागायला येत असत. ती रागवायची नाही. आलेल्या माणसाला आत बोलवायची, भिंतीवरच्या चित्रापुढं उभं करायची आणि म्हणायची, "घे, हे घाल डोळ्याला."

नवरा मोटार मिस्त्री, मूळचा दारव्ह्याचाच. तरुणपणी तो समुद्रापलीकडं इराणात आबादानला तेलाच्या कारखान्यात कामाला गेला होता. तिथलं काम सुटलं तेव्हा परत येताना हिला घेऊन आला. ही तेहरानच्या कलाशाळेत चित्रकला शिकलेली, वडिलांचं तिथं चहाचं दुकान. सुट्टीत मामाकडं आबादानला आलेली असताना तिनं याला पाहिलं. तो जमिनीवर खडूनं काहीतरी काढून एका पोराला समजावत होता.

"मी पिस्टन सांगून राह्यलो होतो त्याले," मिस्त्रीचाचा मला म्हणाले, "अन् ही मांगं उभी. मी हातानं गोल काढला तं ही तिच्या बोलीत कायतरी बोलली. मले वाटलं, शिव्याच देते."

ती म्हणाली होती की ज्या माणसाला हातानं असा गोल काढता येतो त्याच्याशी लग्न करायला हरकत नाही. हे मला तिनंच सांगितलं आणि सांगताना चाचांकडं अशी पाहत होती, की जणू तो गोल अजून ओलाच होता.

तिचं मराठी वऱ्हाडी होतं, बाजारात आणि विहिरीवर शिकलेलं. तिच्या भाषेत बाई आणि पुरुष असा भेदच नसतो म्हणे, म्हणून तिच्या तोंडी भिंत "आला", पाऊस "आली" आणि मिस्त्रीचाचा "माझी नवरा". पण मराठीत तिच्या फारसीतले शब्द सापडले की तिला हर्ष व्हायचा. मी म्हणावं, "खानम, जरा दरवाजा लावा, कागद उडतायत," की तिनं बोट वर केलंच. "दरवाजा माझा! कागद माझा!" खुर्ची, पडदा, बाग, गुलाब, जमीन. चोरीला गेलेली भांडी शेजारणीच्या फळीवर दिसावीत तशी ती माझ्या बोलण्यातून आपली भांडी ओळखून काढी. पण परत मात्र मागत नसे.

चहा बिनदुधाचा, दातात खडीसाखरेचा खडा धरून प्यायची. दुपारी अंगण शिंपडून ओल्या मातीत काडीनं चित्र काढायची आणि ते वाळून जाईपर्यंत बाजूला बसून राहायची. घरातली कुठलीच वस्तू तिनं कोरी ठेवली नव्हती. बाजेचे पाय, कंदिलाची टोपी, शेजाऱ्याच्या म्हशीची शिंगं. माझ्या ट्रंकेवर तिनं एक निळं सुरूचं झाड काढलं होतं. ती ट्रंक बघून शाळेतल्या मुली माझ्या खोलीवर येऊ लागल्या आणि मग माझ्याऐवजी तिच्याकडंच बसू लागल्या. त्यांच्यापैकी कुणाचं चित्र फार नीटनेटकं झालं, की खानम ते दूर धरायची आणि म्हणायची, "सुंदर झाली. म्हणजे कुठंतरी चुकली."

तिचा धाकटा भाऊ तेहरानमध्ये चित्रकार होता. वर्षातून एक-दोनदा त्याचं पार्सल येई. त्यात पिस्ते असत आणि पिस्त्यांभोवती मासिकांतून फाडलेली चित्रं गुंडाळलेली असत. पिस्ते ती आम्हाला वाटून टाकी आणि चुरगळलेले कागद पाटावर पसरून हातानं सरळ करत बसे. त्या दिवशी चूल उशिरा पेटे.

मला चित्रातलं काही कळत नव्हतं. पण ती सांगायची आणि मी ऐकायची. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांच्या दुकानात एक चित्रकार राहत असे. चहा आणि जेवणाच्या मोबदल्यात तो भिंतीवर लढाया काढायचा. समोर कधी माणूस बसवून काढलं नाही, सगळं मनातून. चांगला माणूस मोठा काढायचा, वाईट माणूस लहान. संध्याकाळी कथेकरी यायचा आणि काठीनं चित्र दाखवत गोष्ट सांगायचा, आणि चहा पिणारे हमाल रडायचे. पुढं ती कलाशाळेत गेली. तिथं तिला सांगितलं गेलं की हे असलं गावंढळ, याला चित्र म्हणत नाहीत. चित्र म्हणजे एक तर जुन्या राजांच्या पोथीतली नाजूक बाई, नाहीतर पॅरिसची सफरचंदं.

"आमच्या गल्लीत सफरचंद कुठं होता?" ती म्हणे. "आमच्या गल्लीत पानी होता."

पाणी म्हणजे काय, हे तिनं मला कागदांवर बोट ठेवून दाखवलं. त्यांच्याकडं गल्लीच्या तोंडाशी, भिंतीतल्या कोनाड्यात पाणपोई असते. करबल्याला जे तहानलेले मेले त्यांच्या आठवणीसाठी बांधलेली. पितळेचा वाडगा असतो, पुढं जाळी असते आणि वर धातूचा एक उघडा पंजा असतो. बायका नवस बोलून जाळीला कुलूप लावून जातात, चिंधी बांधतात, मेणबत्ती लावतात. आणि आता तिच्या भावाच्या वयाच्या पोरांना पॅरिसची सफरचंदं पुरे झाली होती. ती पोरं त्या कोनाड्यांपुढं जाऊन उभी राहिली होती. कुलपं, पंजे, ताइतांच्या चौकटीतले आकडे, रिकाम्या खोगिराचा घोडा, हे सगळं त्यांच्या चित्रांत येऊ लागलं होतं. एकानं तर नुसती अक्षरंच काढली होती, एकावर एक, वेलीसारखी चढलेली, आणि त्यातून काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

मी मराठी शिकवणारी. मी म्हटलं, "खानम, वाचताच येत नाही, तर ते अक्षर कसलं?"

"तुझा आई तुला हाक मारतो," ती म्हणाली, "तेव्हा तू काना, मात्रा, वेलांटी ऐकते काय? आई ऐकते."

तेहरानातले मोठे लोक त्या पोरांना हसत होते. ताइतवाल्यांचं दुकान म्हणत होते. भावाचा धीर सुटत चालला आहे हे तिला त्याच्या चार ओळींवरून कळे, आणि मग ती दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे. इतक्या लांबून ती काय करणार? कुठल्या तोंडानं त्याला धीर देणार? ती स्वतः रंगवत होती म्हशीची शिंगं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. आठवडी बाजारात सावलीचा तुकडा नव्हता आणि पाण्याची सोय तर नव्हतीच. गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपल्या वारलेल्या आईच्या नावानं तिथं पक्की पाणपोई बांधून दिली. आत रांजण, पुढं खिडकी, वर पत्रा. मिस्त्रीचाचा त्यांच्या जिनिंगचं इंजिन दुरुस्त करायचे. त्या ओळखीनं शेटजी एकदा घरी आले आणि रंगवलेलं फाटक बघून थबकले.

"खानमबाई, आमच्या पानपोईवर बी काढून द्या ना असं कायतरी. दोन हत्ती, मधात कमळ. अन् आईचं नाव मोठं पायजे, बाजाराच्या त्या टोकावरून वाचता आलं पायजे."

खानमनं विचारलं, "आई कसा होता तुमचा?"

शेटजी गोंधळले. "आई म्हंजे... आई होती. देवमाणूस."

"देवमाणूस सगळ्यांचा असते. तुमचा कसा होता?"

शेटजींना आठवेना, असं नाही. पण त्यांच्यापाशी त्याला शब्द नव्हते आणि बाहेर गाडी उभी होती. ते गेल्यावर खानमनं चप्पल घातली आणि मला म्हणाली, "चल, मागच्या दाराला जाऊ." शेटजींच्या घरच्या मागच्या दारी आम्ही बऱ्याच दुपारी बसलो. सुना बोलल्या, जुनी स्वयंपाकीण बोलली. म्हातारी कशी होती, तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कापसाच्या गाड्या आल्या की नोकरांना बाजूला सारून स्वतः ओगराळ्यानं गाडीवाल्यांना पाणी वाढायची. कोण कुठला विचारायची नाही. तरुणपणी दाराच्या फटीत सापडून तिची करंगळी मोडली होती, ती नीट बसलीच नाही. पाणी वाढताना ते एक बोट बाहेर निघून राहायचं, जसं ते कुठं दुसरीकडंच बघतंय. खानमनं तेवढं दोनदा विचारून घेतलं.

मग पाणपोईपुढं तिनं गोणपाटाचा पडदा लावला आणि चैत्राच्या उन्हात शिडीवर चढली. गेरू, नीळ, काजळी, चुना, बाभळीचा डिंक आणि चाचांच्या कारखान्यातला ट्रकचा रंग. शाळा सुटली की मी तिला जेवण नेऊन देई. ती शिडीवरून उतरायची नाही. मी वर धरलेल्या ताटातून भाकरीचा तुकडा मोडून घ्यायची आणि भिंतीकडं बघत चावत राहायची.

गोणपाट उतरवलं त्या सकाळी शेटजी, बाजार समितीचे लोक आणि बरेच बघे जमले होते. हत्ती नव्हते आणि कमळही नव्हतं. खिडकीच्या वर, पंखासारखा पसरलेला एक भला मोठा निळा हात होता. त्याच्या बोटांना किल्ल्या लटकलेल्या, आणि खाली कुलपं, सगळी उघडी. बाजूनं बैलांच्या गळ्यातल्या घंटा, बोंडं, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बायकांच्या कपड्यांवर असतात तशा आरशांच्या रांगा. खरेच आरसे होते ते, तिनं फुटके गोळा करून चुन्यात बसवले होते. आणि या सगळ्यातून वर चढत गेलेली अक्षरं. काही मराठीसारखी, काही तिच्या भाषेतल्यासारखी, गुंतलेली.

 मग शेटजींनी विचारलं, "आईचं नाव कुठी आहे?"

"सगळा तेच आहे," खानम अक्षरांवरून हात फिरवत म्हणाली. "वरपर्यंत."

"वाचता येत नाई."

"नाही येत."

मागून कुणीतरी हसलं. "अन् हाताचं बोट पाहा! करंगळी तं वाकडी काढली बाईनं." सगळेच हसले. शेटजी वर न बघताच गाडीत जाऊन बसले.

दोन दिवसांत गावभर झालं की इराणीबाईनं भिंतीवर ताईत मांडला आहे. तिथलं पानी पेलं का माणूस तिच्या मुठीत जाते. रांजण भरलेले, पाणी वाढणारा बसलेला, आणि उन्हानं करपलेली माणसं पाणपोईला वळसा घालून पलीकडच्या विहिरीवर जात होती. समितीनं ठरवून टाकलं. बाजाराच्या दिवशी सकाळीच भिंतीला चुना लावायचा आणि वर काळ्या रंगात नाव लिहून घ्यायचं.

हे कळलं तेव्हा चाचा तिला समजावू लागले. "जाऊ दे ना, खानम. घरच्या भिंती तं तू दरसाल सोताच चुना मारून पुसते. मंग याचं काहून लावून घेते मनाले?"

"घराचा भिंत माझा आहे, मी पुसते," ती म्हणाली. "हा भिंत माझा नाही. तहानवाल्याचा आहे. त्यांनी पुसला तर मी गप बसते. पन त्यांनी अजून पाहिलाच कुठं?"

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मी शाळेतून तास संपवून धावत गेले. चुन्याच्या बादल्या येऊन पडल्या होत्या. दोघं गडी शिडी लावत होते. खानम पायरीवर बसली होती. तिनं कुणाला अडवलं नाही. नुसती आतल्या माणसाकडून ओगराळंभर पाणी घेऊन सावकाश पीत होती, सगळ्या बाजाराला दिसेल असं. चाचा तिच्यामागं उभे. मी जाऊन तिच्या शेजारी बसले आणि पाणी मागितलं.

तेवढ्यात दिग्रसच्या वाटेनं तांड्यावरच्या बायका बाजारात शिरल्या. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या होत्या आणि अंगभर आरसे. पुढं एक म्हातारी होती, घामानं निथळलेली. तिला कुणी ताइताचं सांगितलं नसावं. तिनं मोळी टाकली आणि ओंजळ पुढं केली. पाणी पिऊन तोंड वर केलं तर ऊन भिंतीवरच्या आरशांवरून तिच्या तोंडावर आलं. तिनं डोळे बारीक केले. मग आपल्या ओढणीच्या काठाकडं पाहिलं, मग परत भिंतीकडं. मागं वळून, हे आपलंच आहे, असं ती आपल्या बोलीत मोठ्यानं ओरडली, "आपणो छ!"

बाकीच्या बायका मोळ्या टाकून आल्या. त्या भिंतीवर हात फिरवू लागल्या, एकमेकींच्या काचोळीला काच लावून बघू लागल्या, हसू लागल्या. चुनेवाल्या गड्यांना शिडीवर चढायला जागा राहिली नाही. एवढ्यात शेटजींची गाडी आली. काम झालं का, बघायला आले होते.

म्हातारी आता मागं सरून वर बघत होती. निळ्या हाताकडं. बघता बघता तिचं हसू थांबलं. ती दोन पावलं पुढं आली आणि शिडीवरच्या गड्याला म्हणाली, "हे तं शेटाणी आहे."

"कोन?" गडी म्हणाला.

"अरे, शेटाणी! जिनातली. मी पोरगी होती तं बापासंगं कापसाच्या गाडीवर यायची. तिनं पाजलं ना मले पानी. हे बोट पाह्य, हे असं निंघून राह्यचं." म्हातारीनं स्वतःची करंगळी वाकडी करून सगळ्यांना दाखवली. "पानी पडे ओंजळीत अन् मी पाह्यत राहो तिचं बोट. कोनं काढली व ही माय?"

शेटजी गर्दीच्या मागं उभे होते. मी त्यांच्याकडं बघत होते म्हणून मला दिसलं. त्यांनी प्रथमच मान वर केली आणि अक्षरं सोडून हाताकडं पाहिलं. तोंडातलं पान चावायचं थांबलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले आणि भिंतीवर, त्या बोटाखाली, तळवा टेकवून उभे राहिले.  म्हातारीनंच विचारलं, "तुमची कोन व्हय?"

"आई," शेटजी म्हणाले.

"मंग उभे काहून आहा बापा? पानी पाजा ना. केवढे लोक आले तहानेचे."

शेटजी आत गेले. वाढणाऱ्याला बाजूला सारून त्यांनी ओगराळं हातात घेतलं आणि पहिली ओंजळ त्या म्हातारीची भरली. मग लोकांची रांग लागली. विहिरीकडं गेलेले लोक परत फिरले. घंटा बघून एक गाडीवान म्हणाला की ही माझ्याच बैलाची, चीर गेलेली, आणि भोवतीच्या चौघांशी त्यावरून भांडू लागला. चुनेवाल्या गड्यांनीही पाणी पिऊन घेतलं आणि विचारलं, "शेटजी, बादल्यांचं काय करू?"

"मांगच्या भिंतीले लावा," आतून आवाज आला. "अन् सांभाळून. इकडं शितोडा उडाला तं पाहा."

खानम पायरीवरून उठली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि चाचांच्या पाठीवर सगळ्या बाजारासमोर एक जोरदार थाप मारली. चाचा लाजून लाल झाले.

गावातल्या फोटोग्राफरला बोलावून त्या भिंतीचा फोटो काढला, पुढं ती म्हातारी आणि शेटजी उभे. तो फोटो तिनं भावाला पाठवला. बरेच महिने काही आलं नाही. मग पार्सल आलं, आणि त्यात पिस्त्यांबरोबर भावाचं लांबलचक पत्र. त्या पोरांनी मिळून आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि मधोमध दारव्ह्याचा फोटो लावला होता. हसायला आलेली माणसंही फोटोपुढं थांबत होती. प्रत्येकजण विचारत होता की हा कोनाडा तेहरानच्या कुठल्या गल्लीत आहे? आणि भाऊ अभिमानानं गावाचं नाव सांगत होता. ते त्याला नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून "दरवाज़े" असंच म्हणत होता. खानमनं हे आम्हाला वाचून दाखवलं, उड्या मारल्या, शेजारणीला मिठी मारली, म्हशीलाही मारली. त्या दिवशी आमच्या गल्लीत चुली वेळेवर पेटल्या नाहीत, कारण सगळ्या बायका तिच्या अंगणात होत्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी नेरहून बैलगाडी घेऊन तिघं जण आले. त्यांच्याकडंही बाजारात पाणपोई झाली होती आणि त्यांना दारव्ह्यासारखीच भिंत हवी होती. असाच निळा हात पाहिजे, असेच आरसे पाहिजेत, म्हणाले. मिस्त्रीचाचांनी शिडी काढून गाडीला बांधायला घेतली, न विचारताच.

खानम गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "हा हात इथला आहे. तिकडं पानी कोन पाजते?"

"एक म्हातारा आहे," त्यातला एक म्हणाला. "किती सालापासून बसते. बोलत नाई कोनाशी."

"दिसते कसा?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं डोकं खाजवलं. दुसरा म्हणाला, म्हातारा आहे, जसा म्हातारा असते तसा. तिसऱ्याला तेही सांगता येईना. रोज त्याच्या हातचं पाणी पिणारी माणसं, आणि कुणाला त्याचं तोंड आठवेना.

खानमच्या तोंडावर हसू पसरत गेलं. तिनं रंगाचे डबे स्वतः उचलून गाडीत ठेवले, चाकावर पाय देऊन वर चढली आणि धुरेवरच्या माणसाच्या खांद्याला हात लावला.

"हाक," ती म्हणाली, "लवकर हाक. तिथं माझा काम आहे."